घड्याळ एक तास मागे नेताना

इंग्लंडमधल्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळक उपासना चालवतात. दार उघडण्यापासून दिवे घालवेपर्यंतची बाकीची कामं व्हर्जरकडे असतात. लहान गावांत ती बहुधा बिनपगारीच होतात, पण कौशल्य लागतंच.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे दोन वाजता इथली वेळ एक तास मागे येते. मोबाइल आपोआप बदलतात, मनोऱ्यातलं जुनं घड्याळ नाही. ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे कधीही उलटे फिरवू नयेत. ठोक्यांचा हिशेब चुकतो, नाहीतर आतली एखादी तरफ वाकते. त्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी लंबक थांबवायचा आणि घड्याळ बरोबर एक तास बंद ठेवायचं. तास वाजायच्या आधीची पाच-दहा मिनिटं मात्र टाळावीत, कारण तेव्हा ठोक्यांची यंत्रणा सुटायच्या तयारीत असते. लंबक एका पातळ पोलादी पट्टीवर टांगलेला असतो. तो धरताना पिळला गेला की पट्टी तुटते. म्हणून खालच्या वजनाला दोन्ही हातांनी अलगद धरावं आणि तासाभराने सरळ एका बाजूला नेऊन सोडावं. मग खाली उतरायची घाई नको. टिक आणि टॉक यांतलं अंतर सारखं ऐकू येतंय ना, हे दोन मिनिटं कान देऊन ऐकावं.

थंडीची सुरुवात असल्याने हीटरही शनिवारीच लावावा लागतो. दगडी भिंती तापायला वेळ घेतात. रविवारी सकाळी घाईने गरम केलं तर दगडावर आणि पितळेवर पाणी सुटतं, शिवाय ऑर्गन बेसूर होतो. हवा तापली की साध्या नळ्यांचा सूर चढतो; रीडच्या नळ्यांचा तितका चढत नाही. पेटी वाजवणाऱ्यांना ही फारकत लगेच कळेल. ऑर्गन ज्या तापमानाला सुरात लावला, तेच तापमान उपासनेच्या वेळी हवं.

रविवारी घंटा वाजतात. दोरीवरच्या लोकरी, रंगीत भागाला सॅली म्हणतात. नवख्याने सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये, चालत्या घंटेची दोरी माणसालाही वर ओढते. पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या मनोऱ्यातही आठ घंटा आहेत.

उपासना संपली तरी एक काम उरतं, आणि तेच सगळ्यात मन लावून करण्याचं. प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत द्राक्षारस देण्याचा, प्याला पुसायचे तागाचे रुमाल मशीनमध्ये थेट टाकायचे नाहीत. आधी थंड पाण्यात हाताने खळबळायचे. गरम पाण्याने द्राक्षारसाचा डाग पक्का बसतो. लिपस्टिकच्या डागाला उलट्या बाजूने साबण चोळायचा. खळ घालायची नाही, नाहीतर कापड टिपत नाही. इस्त्री ओलसर असतानाच करायची आणि उभ्या तीन घड्या घालायच्या. पहिल्या खळबळीच्या पाण्यात तो पवित्र द्राक्षारस उतरलेला असतो, म्हणून ते मोरीत ओतत नाहीत. ते बाहेर चर्चच्या आवारात, मातीत ओततात.