माउंटखालची निळाई

हेगमध्ये मी कागदावरच्या चित्रांच्या जतनाचं काम करते. एका सकाळी एक डच आजी शालीत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आल्या. आत एकच शेवंती, कोळशाने रेखाटलेली, वर जलरंग. खाली पीट मोंद्रियान यांची सही, म्हणजे सरळ रेघा आणि रंगीत चौकटींच्या अमूर्त चित्रांसाठी ओळखल्या जाणाऱ्या डच चित्रकाराची. "हे त्यांचं खरं काम नव्हे हो," आजी संकोचून म्हणाल्या, "पोटापाण्यासाठी केलेलं."

पोटापाण्याचा भाग खोटा नाही. 1920च्या दशकात पॅरिसमध्ये त्यांच्या काळ्या रेघा आणि लाल-पिवळ्या-निळ्या चौकटी फारशा विकल्या जात नव्हत्या, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांसाठी फुलं रंगवली. पण 1908-09च्या सुमारासही ते शेवंती, सूर्यफूल रंगवत होतेच. पुष्पगुच्छ नको, एका वेळी एकच फूल, म्हणजे त्याची घडण नीट मांडता येते, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय.

या सहीत आडनावातला 'a' एकच होता (Mondrian). मूळ नावात दोन (Mondriaan). 1911-12च्या सुमारास, पॅरिसला जाताना, त्यांनी एक गाळला. म्हणजे सही त्यानंतरची. चित्र मात्र आधीचंही असू शकतं, म्हणून नोंदीत मी साल घातलं नाही.

दिवा टेबलाच्या कडेला टेकवून उजेड तिरपा सोडला आणि भिंग लावलं. पाकळ्यांच्या रेघा देठाकडे दाबून काढलेल्या, टोकाकडे जाताना हलक्या. दोन पाकळ्यांमधली मोकळी जागासुद्धा पाकळीइतक्याच काळजीने राखलेली. मी बराच वेळ तिथेच थांबले. पुढे पांढऱ्या चौकटीला जे वजन त्यांनी दिलं, ते मला या फटींमध्ये दिसलं. याला खरं काम नव्हे कसं म्हणायचं?

मग जुना माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवलेला, मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा, काढला. तो आम्लयुक्त पुठ्ठ्याचा, त्यामुळे त्या खिडकीच्या कडेने कागदावर तपकिरी रेघ उमटली होती. खिडकीतून उघडी राहिलेली पार्श्वभूमी फिकट राखाडी. माउंटखाली झाकलेली बोटभर पट्टी मात्र गडद निळी! इतकी वर्षं भिंतीवरच्या उजेडाने खाल्लेला रंग तिथे शाबूत होता.

आजींना बोलावून दाखवलं. त्या खुर्ची ओढून बसल्या. "पुन्हा असं निळं करता येईल?" रंग भरता आला असता, पण तो माझा झाला असता, मोंद्रियान यांचा नाही. तपकिरी रेघ ओलाव्याने जमेल तेवढी फिकी करू, पण पाणी निळ्याच्या जवळ नेणार नाही, असं सांगितलं.

नवा माउंट आम्लमुक्त, आणि त्याची खिडकी मोठी ठेवली, निळी पट्टी दिसेल अशी. एका सहकाऱ्याला हे पटलं नाही. पट्टीमुळे फुलावरून नजर हटते, असं त्याचं म्हणणं. आजींनी पट्टी ठेवायलाच सांगितलं. चित्र आता दिवाणखान्यातून जिन्याजवळच्या खिडकी नसलेल्या भिंतीवर गेलंय, आणि तिथला उजेड 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर जाऊ द्यायचा नाही, असं आमचं ठरलंय.