शब्दांच्या पोटातली अक्षरे

सोमवार, रात्री

आज वहीच्या कोऱ्या पानावर सहा इंग्रजी अक्षरे लिहून बसले: एल, आय, एस, टी, ई, एन. ही सहाच्या सहा वापरून होणारे शब्द शोधायचे होते. 'लिसन' लगेच सापडला आणि त्याच्यापाठोपाठ 'सायलेंट'ही आला, कारण ही जोडी पुष्कळांना पाठच असते. त्यानंतर मात्र अर्धा तास पान तसेच राहिले. 'एनलिस्ट', 'टिन्सेल' आणि 'इनलेट्स' हे तिन्ही शब्द मला चांगले ठाऊक असूनही त्यांतला एकही आपण होऊन पुढे आला नाही, याचे मला फार नवल वाटले.

विचार करता कारण लक्षात आले. शब्द आपल्या मनात उच्चार आणि अर्थ यांच्या आधाराने राहतात. त्यांत कोणकोणती अक्षरे आहेत, या खुणेने ते हाताशी येत नाहीत. 'लिसन' असे देवनागरीत लिहिले की त्यातला टी दिसेनासा होतो, कारण तो उच्चारातच नाही. मराठीत स्वर व्यंजनाला मात्रेच्या रूपाने चिकटून बसतो, त्यामुळे शब्दाचे असे सुटे तुकडे करण्याची सवय आपल्याला मुळातच कमी असते. शब्दकोशही इथे उपयोगी पडत नाही. तो पहिल्या अक्षरापासून लावलेला असतो, आणि मला शब्दाच्या पोटातून त्याच्या नावाकडे जायचे असते.

सहा वेगवेगळी अक्षरे 720 प्रकारे मांडता येतात, म्हणून प्रत्येक मांडणी तपासत बसण्यात अर्थ नाही. त्याऐवजी प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावावीत. वरच्या पाचही शब्दांची अक्षरे तशी लावली की ई, आय, एल, एन, एस, टी अशी एकच ओळ मिळते. स्क्रॅबल हा अक्षरांच्या सोंगट्यांनी शब्द जुळवण्याचा खेळ मन लावून खेळणारे या ओळीला 'अल्फाग्रॅम' म्हणतात. सगळे शब्द या ओळींच्या क्रमाने लावलेला कोश हाताशी असेल, तर अक्षरे दिल्याबरोबर शब्दांचे सगळे कुटुंब एका जागी भेटते. मला ही युक्ती अतिशय सुंदर वाटते.

बुधवार

दिलेली अक्षरे असलेला शब्द शोधा, या वाक्याचे निदान तीन अर्थ होतात, हे आज स्पष्टपणे लिहून ठेवते. केवळ तीच अक्षरे हवीत, ती कुठेही असली तरी चालतील, किंवा ती त्याच क्रमाने सलग हवीत. यांतला तिसरा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो. डब्ल्यू, के, डब्ल्यू ही तीन अक्षरे सलग देणारा शब्द असेल असे प्रथम वाटतच नाही, आणि 'ऑकवर्ड' आठवला की तो रोजच्या वापरातला निघतो. एक्स, वाय, जी म्हटले की 'ऑक्सिजन' आहे. आर, एस, टी, यू हा वर्णमालेतलाच तुकडा 'अंडरस्टडी'त जसाच्या तसा सापडतो.

अशा विचित्र जोड्या बहुधा दोन शब्दांच्या सांध्यावर असतात. 'अर्थक्वेक'मध्ये टी, एच आणि क्यू शेजारी येतात, कारण तिथे 'अर्थ' संपतो आणि 'क्वेक' सुरू होतो. 'कॅचफ्रेज'मध्ये तर टी, सी, एच, पी, एच, आर अशी सहा व्यंजने ओळीने उभी आहेत. म्हणून सलग अक्षरे अशक्य वाटली, की मी आता त्यांच्यामध्ये एक काल्पनिक रेघ मारते आणि डाव्या बाजूला कोणता शब्द संपत असेल ते आधी पाहते.

कुठेही चालणाऱ्या अक्षरांच्या बाबतीत दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करणे श्रेयस्कर. स्क्रॅबलचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते ते ठरवले होते. त्यामुळे इंग्रजी खेळाच्या 100 सोंगट्यांत ई 12 आहेत आणि क्यू एकच, पण 10 गुणांचा. ई हाती असून काही कळत नाही, पण क्यू असला की त्याच्यामागून बहुतेक वेळा यू येणार हे आधीच ठरलेले असते आणि शोधाचे क्षेत्र एकदम आकसते.

संगणकाला हे काम सोपे जाते. प्रत्येक शब्दासाठी 26 घरांची एक पट्टी करून, जे अक्षर असेल त्याच्या घरात खूण केली, की दोन पट्ट्यांची तुलना क्षणात होते. मात्र अक्षर किती वेळा आले हे त्या पट्टीत उमटत नाही: 'रेड' (लाल), 'रीड' (बोरू) आणि 'डिअर' (हरीण) या तिघांची पट्टी अगदी सारखीच येते. मी यंत्राला विचारते, पण तासभर स्वतः शोधल्यावरच.

शुक्रवार

आजची सात अक्षरे ए, ई, आय, एन, आर, एस, टी. एकूण मांडण्या 5040. 'रिटेन्स' आणि 'रेटिनाज' लवकर सापडले, 'स्टेनर' थोडा उशिरा. मग नेहमीप्रमाणे शब्दाच्या शेवटी येणारी अक्षरे बाजूला काढली. ई आणि आर वेगळे ठेवले, तेव्हा एन, ए, एस, टी आणि आय उरले. या पाचांकडे मी बराच वेळ पाहत राहिले. दिलेल्या अक्षरांत वाय नसल्यामुळे 'नॅस्टी'कडे मन वळलेच नव्हते. तुलनावाचक रूप होताना त्या वायचा आय होतो, हे आठवले आणि 'नॅस्टिअर' पानावर उतरला.