सरांचा बिर्केलँड

स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार ओळी मागितल्या आहेत. लिहायला बसलो की सरच पुढे येतात, त्याला माझा इलाज नाही. नाव लिहीत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारच्या पोरांना ‘विज्ञानाचे सर’ म्हटलं की पुरे.

शाळेत तेव्हा नुकताच कृष्णधवल टीव्ही आला होता. एका संध्याकाळी सरांनी आम्हा चौघा-पाचजणांना थांबवून तो लावला. शेतीचा कार्यक्रम चालू होता, एक गृहस्थ खतांवर बोलत होते. सरांनी जुन्या लाऊडस्पीकरमधला चुंबक पडद्याजवळ नेला आणि त्या गृहस्थांचं नाक थेट कानाला जाऊन भिडलं. आम्ही खो खो हसलो. सर गंभीर. “पडद्यावर चित्र काढणारे इलेक्ट्रॉन वळले. पृथ्वीचं चुंबकत्वही सूर्याकडून आलेले कण असेच ध्रुवांकडे वळवतं आणि आकाश उजळतं, असं नॉर्वेच्या क्रिस्तियान बिर्केलँड या शास्त्रज्ञानं सांगितलं.” मग तासभर बिर्केलँडच. उत्तर नॉर्वेत हाल्दे डोंगरावर 1899 मध्ये उभारलेली वेधशाळा, तिथली हिमवादळं. निर्वात पेटीत पृथ्वी म्हणून ठेवलेला चुंबकीय गोळा आणि त्याच्या ध्रुवांभोवती उमटणारा प्रकाश. “आणि यानंच 1903 मध्ये विजेच्या ठिणगीनं हवेतला नायट्रोजन खतासाठी पकडला!” वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील फर्टिलायझरनगरात खत कारखान्यात कामाला, माझेही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, “ती रीत केव्हाच गेली रे, वीज फार खायची.” दुसऱ्या दिवशी हे ऐकून सर केवढे खूश!

बिर्केलँड 1917 मध्ये टोकियोत वारला, पन्नाशीही गाठली नाही. चुंबकीय रेषांवरून वातावरणात उतरणारे, त्यानं सांगितलेले विद्युतप्रवाह बड्या शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं मानले नाहीत. उपग्रहांनी मोजले तेव्हा मानले. माझी पीएच.डी. त्याच प्रवाहांवर. मे 2024 मध्ये लडाखच्या हानलेहून तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला, तेव्हा वर्तमानपत्रवाल्यांचे मलाही फोन आले. प्रत्येकाला सरांविषयी सांगितलं. छापलं एकानंही नाही.

हल्ली शाळेच्या प्रयोगशाळेत म्हणे मोठा स्क्रीन बसवलाय आणि प्रयोग त्यावरच ‘दाखवतात’. मला हे अजिबात पटत नाही. चुंबकीय गोळा आणि काचेची पेटी मी करवून घेऊन पाठवतो आहे. निर्वात पंपाचा खर्च आमच्या दहावीची बॅच उचलेल, असं इथंच जाहीर करून टाकतो. छापून आल्यावर मंडळींना नाही म्हणता यायचं नाही.