गॅलरीतले सहाशे झेंडे

संघ मैदानात येताना गॅलरीभर एकदम झेंडे उभारायचे असतील, तर त्यांचा हिशेब माणसांवरून नाही, पायरीच्या लांबीवरून करायचा. सांगली-मिरजेकडच्या मैदानांवर गॅलरी म्हणजे बहुतेक सिमेंटच्या पायऱ्या. तिथं नंबराच्या खुर्च्या नसतात, त्यामुळे जागा आपणच आखून घ्यावी लागते. बसलेल्या माणसाला दीड फूट पुरतो, पण झेंडा हलवणाऱ्याला तीन फूट लागतात. म्हणून झेंडा एकाआड एक माणसाच्या हातात. १०० फूट लांब आणि १८ पायऱ्यांची गॅलरी धरली तर पायरीला ३३, एकूण ५९४ झेंडे. जिन्याची वाट या १०० फुटांत धरायची नाही. ती सामना संपेपर्यंत मोकळीच राहिली पाहिजे.

आता नक्षी. इथं सगळ्यांची फसगत होते. आलेखाच्या कागदावर एक चौकोन म्हणजे एक झेंडा असं धरून गोल काढतात आणि समोरच्या गॅलरीतून तो चपटा दिसतो. कारण साधं आहे. आडवं अंतर ३६ इंच, पण मैदानापलीकडून नजरेला पायरीची उंचीच तेवढी दिसते, ती साधारण १६ इंच. म्हणजे १८ पायऱ्यांची उंची २४ फूट भरली. तेवढाच रुंद गोल हवा असेल तर आडवे फक्त आठ झेंडे येतात. आठ झेंड्यांत गोल नीट उठत नाही आणि अक्षरं तर नाहीच नाही. त्यामुळे अक्षरांचा हट्ट सोडा. तीन रंगांचे तीन उभे पट्टे, प्रत्येकी ११ झेंडे रुंद, हेच लांबून सगळ्यांत देखणं दिसतं. एका रंगाचे १९८ झेंडे झाले.

कापड पातळ पॉपलिन, ३६ इंची पन्ह्याचं. विटा, माधवनगर, इचलकरंजी ही यंत्रमागाची गावं हाकेच्या अंतरावर आहेत खरी, पण मागावरचं कोरं कापड रंगवून घ्यावं लागतं. पाचपन्नास ताग्यांचं काम नसेल तर तयार रंगीत घेतलेलं बरं. एक रंग एकाच लॉटमधला घ्या. दोन लॉटचे लाल उन्हात शेजारी आले की पट्टा मधेच फाटल्यासारखा दिसतो. २६ इंचांचे तुकडे पाडले की एका रंगाला १३१ मीटर लागतं. १४० घ्या, कारण ताग्याची टोकं आणि डाग यांत थोडं जातंच.

तुकडा पाडल्यावर कोणत्या बाजूला नेफा, म्हणजे काठी सरकवायची दुमड, घालायचा, याला फार महत्त्व आहे. कापलेल्या दोन्ही कडा एकेक इंच दुमडून टीप मारायची. त्या झेंड्याच्या वरच्या आणि खालच्या कडा. नेफा काठाच्या बाजूला, दीड इंचाचा. म्हणजे फडफडणाऱ्या मोकळ्या टोकाला कापडाचा मूळ काठ येतो आणि तो उसवत नाही. उलटं शिवलं तर पहिल्याच सामन्यात टोकाला दशा लोंबायला लागतात.

काठीसाठी लाइट फिटिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. दहा फुटी पाइपचे दोन तुकडे, म्हणजे ३०० पाइपांत काम होतं. वेळूच्या काठ्या स्वस्त मिळतात, पण जाडी सारखी नसते, नेफ्यात अडकतात आणि कुसळं हातात जातात. गेटवर पोलीसही त्या आत सोडायला कां-कूं करतात. काठीची लांबी आणि झेंड्यांची संख्या लिहिलेला अर्ज आयोजकांकडे आणि पोलीस ठाण्यात आधीच देऊन ठेवा.

झेंडा फाटतो तो नेहमी एकाच जागी: नेफ्याच्या वरच्या कोपऱ्यात. करवतीनं कापलेल्या पाइपचं तोंड धारदार असतं आणि प्रत्येक हेलकाव्याला ते आतून कापड घासतं. म्हणून तोंड आधी पॉलिश पेपरनं गोल करा, कोपऱ्यात आतून जुन्या जीनचा दोन इंची तुकडा लावा, मग नेफ्याचं वरचं तोंड तीनदा टीप मारून बंद करा. खाली नाडीनं पाइपला बांधलं की झेंडा वर-खाली सरकत नाही.

राष्ट्रध्वजाचं वेगळं. ध्वजसंहितेत ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं पॉलिस्टरचा, यंत्रावर बनवलेला तिरंगा चालतो. पण त्यावर काही लिहायचं नाही, तो जमिनीला लागू द्यायचा नाही आणि प्रमाण ३:२ हेच हवं. हे झेंडे पायरीवर ठेवले जातात, पोत्यात भरले जातात. त्यामुळे या कामाला संघाचेच रंग वापरा.

आणि १२ बाय ८ मीटरचा एकच भलामोठा झेंडा कठड्याला टांगायचा मोह होतो. ताशी ३६ किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे सहा किलोचा रेटा देतो. ९६ चौरस मीटरला पावणेसहाशे किलो. कठडा तेवढ्यासाठी बांधलेला नसतो, आणि कापडाला भोकं पाडून हा रेटा फारसा कमी होत नाही.

सामन्याच्या सकाळी गवंड्याच्या लाइनदोरीला तीन-तीन फुटांवर गाठी मारून चुन्यानं खुणा करा. एक पायरी सोडून पुढची दीड फूट सरकवून घ्या, विटांच्या जोडासारखी. म्हणजे मागचा झेंडा पुढच्या दोघांच्या फटीतून दिसतो. चारच्या सामन्याला पूर्वेची गॅलरी निवडा, ऊन समोरून पडतं. कापड पाइपभोवती गुंडाळून पायरीच्या आतल्या कडेला टेकवून ठेवा. गोल पाइप नुसता ठेवला की गडगडत खाली येतो.

इशारा शिट्टीनं कधीही देऊ नका. मैदानातल्या खेळाडूंना ती पंचाची वाटते. हलगी उत्तम. तिचा आवाज गर्दीतूनही कापत जातो. पहिल्या कडकडाटाला झेंडे वर, दुसऱ्याला खाली, आणि प्रत्येक पायरीला एक स्वयंसेवक. संघ मैदानात येताना ४०-५० सेकंद पुरे. त्यापुढे हात भरून येतात, झेंडे एकेक करून झुकायला लागतात आणि मागच्यांना खेळ दिसत नाही.

गोळा करायचं ते मध्यंतरातच. शेवटची शिट्टी झाली की झेंडे पोरांबरोबर घरी जातात. जिन्याशी पोती घेऊन उभं राहा आणि पायरीप्रमाणे मोजून घ्या. दवानं किंवा घामानं ओलसर झालेलं कापड तसंच बांधलं तर आठवड्यात काळे ठिपके पडतात, म्हणून दोरीवर पूर्ण वाळवा. मग प्रत्येक रंगाचे अकरा असा ३३ चा एक गठ्ठा बांधा, त्याला पायरीच्या नंबराची चिठ्ठी लावा आणि कोपरे उसवलेले झेंडे शिंप्याकडे द्यायला बाजूला काढा.