पारसिक टेकडीवर ऑटो लेव्हल घेऊन एक रविवार

सेकंड इयरच्या सर्व्हेइंगच्या सबमिशनआधी हात साफ करायचा म्हणून आम्ही पाच जण जानेवारीतल्या एका रविवारी बेलापूरच्या पारसिक टेकडीवर फ्लाय लेव्हलिंगला (ऑटो लेव्हल या दुर्बिणीच्या यंत्राने टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक मोजायला) गेलो. कॉलेजच्या सपाट मैदानावर सगळ्यांचंच लेव्हलिंग बरोबर येतं. चढाच्या रस्त्यावर खरी परीक्षा.

ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची आणि ट्रायपॉड, स्टाफ (तुकड्यातुकड्यांनी उघडणारी, आकडे असलेली उंच मोजपट्टी) घेऊन सरळ मालडब्यात चढायचं. साध्या डब्यात ट्रायपॉडचे टोकदार पाय कुणाच्या पायावर पडले की दिवसाची सुरुवात शिव्यांनी होते. लेव्हलची पेटी मात्र मांडीवर. बेलापूरहून पायथ्यापर्यंत रिक्षा. कॉलेजचं पत्र खिशात असू द्या. यंत्र मांडून पाच मिनिटं झाली नाहीत तोच एक फिरायला आलेले काका थांबले. "रस्तारुंदी आहे का? आमची भिंत जाणार?" प्रॅक्टिकल आहे म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसेना. पत्र दाखवलं तेव्हा कुठे पुढे गेले.

पायथ्याच्या मोरीच्या कठड्याचा कोपरा आम्ही तात्पुरता बेंचमार्क (उंचीचा संदर्भबिंदू) धरला, आरएल (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे बिंदूची उंची) 100.000 मीटर. खरी उंची सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात आणि त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचा जीटीएस (ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क लागतो, पण सरावाला हे चालतं. हिशोब सोपा: आरएलमध्ये बॅकसाइट (मागच्या स्टाफचं रीडिंग) मिळवली की एचआय (यंत्राच्या दृष्टिरेषेची उंची), त्यातून फोरसाइट (पुढच्या स्टाफचं रीडिंग) वजा केली की पुढचा आरएल. पहिल्याच मांडणीत बॅकसाइट 3.620, फोरसाइट 0.415, म्हणजे 3.205 मीटर चढलो. चढावर असंच होतं. मागचा स्टाफ खाली असल्याने रीडिंग मोठं, पुढचा वर असल्याने छोटं. लेव्हल जरा जास्त वर मांडली की मागचा स्टाफ दृष्टिरेषेच्या खालीच राहतो, फार खाली मांडली की पुढे नुसतं डांबर दिसतं. पहिल्या तासात दोनदा ट्रायपॉड उचलून परत मांडला. दोन्ही साइटची अंतरं सारखी ठेवा, पावलांनी मोजली तरी चालेल. यंत्राची कॉलिमेशनची (दृष्टिरेषा अगदी आडवी नसण्याची) चूक त्याने निघून जाते. स्टाफवाल्याला स्टाफ हळूहळू पुढे-मागे झुकवायला सांगा आणि सगळ्यात कमी रीडिंग लिहा, स्टाफ सरळ उभा असताना तेच येतं. चेंज पॉइंट (यंत्र पुढे हलवताना स्टाफ जिथे टेकतो तो बिंदू) सुट्या दगडावर नको, कर्बचा पक्का कोपरा बघा.

तेरा मांडण्यांत माथा आला, आरएल 138.245. समोर खाडी आणि विमानतळ. त्यासाठी उलव्याची अख्खी टेकडी कापली, तिथे किती लेव्हल घेतल्या असतील याचा विचार करत वडापाव खाल्ले.

परत उतरून बेंचमार्कवर आलो तर आरएल 100.085! जाऊन-येऊन साधारण 1.3 किलोमीटर. साध्या लेव्हलिंगला 24√के मिलिमीटर चूक चालते (के म्हणजे किलोमीटरमधलं अंतर), म्हणजे आम्हाला 27 मिलिमीटर. आमची तिप्पट. बॅकसाइटच्या बेरजेतून फोरसाइटची बेरीज वजा केली, फरक शेवटच्या आणि पहिल्या आरएलच्या फरकाशी तंतोतंत जुळला. पण त्यातून आपली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे एवढंच कळतं. रीडिंग चुकीचं असेल तर ते तितक्याच प्रेमाने जुळतं.

चूक सापडली आमच्यातल्या ओंकारच्या मोबाइलमध्ये. सकाळच्या फोटोत स्टाफच्या सगळ्यात वरच्या सांध्यापाशी 5-5 मिलिमीटरच्या दोन पट्ट्या दिसतच नव्हत्या. सांध्यात माती अडकली होती, खटका बसलाच नव्हता, वरचा तुकडा 10 मिलिमीटर खाली राहिला होता. त्या तुकड्यावर घेतलेल्या आठ बॅकसाइट प्रत्येकी 10 मिलिमीटर जास्त आल्या, झाले 80. जेवताना त्याने स्टाफ मिटला, पुसला, परत उघडला, त्यामुळे उतरताना सगळं ठीक.

खरी गंमत इथे आहे. स्टाफ पुसलाच नसता तर उतरताना मोठ्या रीडिंगची पाळी फोरसाइटवर आली असती, चूक जवळपास वजा झाली असती आणि क्लोजिंग (परत आल्यावर बेंचमार्कशी उरणारा फरक) झकास आलं असतं. माथा मात्र तेवढाच चुकीचा! आम्ही शायनिंग मारत सबमिशन दिलं असतं. म्हणून जमलं तर जाताना एक स्टाफ आणि येताना दुसरा वापरा. निदान सुरुवातीला आणि दर तासाला सांध्यावर टेप लावून बघा.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. माथा 138.160, क्लोजिंग 10 मिलिमीटर. ते काकाही भेटले, भिंतीचं काय झालं विचारत.