गाडी तापतीया, पण फक्त सिग्नलला

आजचा दिवस कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेजात गेला. ताराराणी चौकात अडकलं की टेंपरेचरचा काटा लालकडं सरकायचा आणि हायवेला लागलं की आपोआप खाली, मिस्त्रींनी एवढंच ऐकलं आणि म्हणाले, वारा लागला की थंड होतीया न्हवं, मग आधी रेडिएटरचा फॅन बघू. रेडिएटर चोक असता तर जोतिबाच्या चढाला जास्त तापली असती, हे त्यांचं म्हणणं, आणि पटलं मला. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, लेव्हलला होतं, खाली थेंब नाही. वरचा पाइप गरम, खालचा पण गरम, म्हणजे थर्मोस्टॅट (गरम कूलंट रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडतोय. एसी लावला तरी फॅन गप्पच. मग बॅटरीवरनं डायरेक्ट वायर दिली तर असा गरागरा फिरला की जाळीतली सगळी धूळ तोंडावर! म्हणजे मोटर ठणठणीत. शेवटी हॉर्नचा रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच, काढून फॅनच्या जागी लावला, सेमच असतोय तो आमच्या गाडीत, आणि एसीचं बटण दाबल्या दाबल्या फॅन सुरू. जुना रिले उघडून दाखवला, आतले पॉइंट काळे पडलेले, काड्यापेटीपेक्षा बारीक वस्तू ओ ती. आणि बाजूला चहा पीत बसलेले एक काका सकाळपासनं एकच सांगत होते, हेड गॅस्केट (इंजिनच्या आतलं सील) गेलंय, इंजिन खोला 😄