दोन कुलपं

गणपतीत कोकणात निघायच्या आदल्या रात्री गिरगावच्या आमच्या खोलीत वाद ठरलेला. दाराचं सोडलं तर घरात धड कुलपं दोनच. बाबांचं मन रेडिओत. आई मात्र पत्र्याची जुनी ट्रंक ओढून काढायची. आत पागडीच्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, आमचे शाळेचे दाखले. "रेडिओ दुसरा आणता येईल. पावती हरवली तर मालक ओळख तरी देईल का?"

परवा अंधेरीच्या ऑफिसात ती ट्रंक आठवली. डेटाबेस चौदा, एन्क्रिप्शनला (म्हणजे चावीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती करून ठेवायला) पैसे तिनांपुरते. लायसन्स आलं, चाव्या सांभाळायची व्यवस्था आली, ते सगळं बघणारा माणूस आला. सेल्सवाले म्हणाले, विक्रीचा आधी. तोच सगळ्यांत मोठा. रेडिओच की हा!

पासवर्ड बदलता येतो, कार्ड ब्लॉक करता येतं. जन्मतारीख, आधार क्रमांक, रक्ताचा रिपोर्ट एकदा बाहेर गेला की गेला. म्हणून ग्राहकांचा आणि पगाराचा डेटाबेस आधी, असं मी म्हटलं. कुणी हललं नाही. मग 2023च्या डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटींपर्यंत दंड आहे, हे सांगितलं. अकाउंट्सच्या साहेबांनी कटिंग खाली ठेवला. (माणसांच्या रिपोर्टपेक्षा आकडा लवकर कळतो, त्याला मी तरी काय करणार.)

तिसरं कुलूप कशाला लावायचं, यावर तास गेला. शेवटी सापडली टेस्टिंगची प्रत. डेव्हलपरच्या सोयीसाठी कधीतरी खऱ्या ग्राहकांचा डेटा उचलून तिथे ओतलेला, नाव-नंबरांसकट, आणि पासवर्ड अर्ध्या ऑफिसला पाठ. तिला कुलूप लावून काय होणार? फाइल चोरणाऱ्याला एन्क्रिप्शन अडवतं. लॉगिन करून आलेल्यासमोर सगळं उघडंच. ती प्रत पुसली, खोटी नावं भरली. एका जुन्या लकी ड्रॉचे फोन नंबरही पडून होते, तेही उडवले. फुकटात झालेलं काम म्हणून मीटिंगच्या टिपणात त्याची नोंदसुद्धा नाही. तिसरं कुलूप गेलं बॅकअपला.

सगळं झाल्यावर सहज विचारलं, एन्क्रिप्शनची चावी कुठे ठेवलीय? त्याच सर्व्हरवर, बॅकअपच्या शेजारच्या फोल्डरमध्ये.

मला हसू आलं. आईच्या ट्रंकेची चावी तांदळाच्या डब्यात असायची. आणि डबा ट्रंकेवर.